काही निघालं नाही

थोरलीच्या दुखण्याला तीन वर्षं झाली आणि तेवढ्यात तिचे पाच फोटो निघाले. लग्नातसुद्धा तिच्या वाट्याला इतके स्वच्छ फोटो आले नव्हते. दोन उभ्याने, दोन कुशीवर झोपवून, आणि एक त्या लांब नळकांड्यात सरकवून, जिथे अर्धा तास कानाशी कुणीतरी पत्रे ठोकत बसतं आणि वर हलू नका म्हणतं. पाचही फोटोंत मणके शहाण्या पोरांसारखे ओळीने बसलेले. कुठे सरकलेलं नाही, दबलेलं नाही, वाढलेलं नाही. डॉक्टर दर वेळी फोटो उजेडापुढे धरायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, काही निघालं नाही.

गंमत अशी की हेच वाक्य थोरली स्वतः दिवसातून दोनशे वेळा म्हणायची. शर्ट शिवायच्या कारखान्यात ती तपासणीला होती. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट. त्यावर तयार शर्ट पसरायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, आणि टाका सुटलेला दिसला, चुणी पडलेली दिसली, की तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालून शर्ट मागे पाठवायचा. दोष नसला की शेजारच्या घडी घालणारीकडे सरकवायचा आणि म्हणायचं, "काही निघालं नाही." वीस वर्षांत तिच्या हातून दोष सुटून गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कारखान्यात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं.

तर अशा या भिंगबाईच्या कमरेच्या डाव्या बाजूला एक दुखणं येऊन बसलं आणि ते कुणालाच दिसेना. बसलं की जरा थांबायचं, उभं राहिलं की मांडीच्या मागून पिळत पिळत टाचेपर्यंत उतरायचं. आणि काम तर आठ तास उभ्याचं.

घरात सुरुवातीला सगळ्यांनी काळजी केली, ते खोटं नाही. पण पहिला फोटो नॉर्मल आला तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. सासूबाईंनी चार घरी सांगितलं, आमच्या थोरलीचं सगळं नॉर्मल आलं. लोक भेटल्यावर अभिनंदन करायचे. दुसरा नॉर्मल आला तेव्हा आनंद जरा कमी झाला आणि तिसऱ्यानंतर घरातले तिच्याकडे जरा निरखून बघायला लागले. नवरा फ्रिज दुरुस्त करणारा. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या धंद्यात मीटर लावलं आणि काटा हलला की वस्तू चालू, नाही हलला की बंद. मधलं काही नसतंच. तो म्हणायचा, "अगं, पाच वेळा मीटर लावून झालं. आता तू चालू आहेस असं धरून चाल की."

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, त्या म्हणायच्या. थोरलीची मुंगी बहुतेक वाटेतच मेली असावी.

या तीन वर्षांत थोरलीला एक नवीन खोड लागली. तिला लोकांच्या दुखण्यांचा हेवा वाटायला लागला. दवाखान्यात बाकावर बसली की ती इतरांच्या हातांतल्या फोटोंच्या पाकिटांकडे बघत बसायची. गळ्यात पट्टा घातलेली बाई आत गेली की हिला वाटायचं, नशीबवान आहे. शेजारच्या काकांचा मूतखडा काढला, तो त्यांनी काचेच्या डबीत घालून घरोघर दाखवला. लोक डबी उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, अरे बापरे, केवढा हा, कसं सोसलंत. थोरलीनेही डबी हातात घेतली आणि तिला रडू आलं. काकांना वाटलं, काय मायाळू बाई आहे. एवढंच काय, टेबलावर लाल टाका पडलेल्या शर्टाचाही तिला कधीकधी हेवा वाटायचा. नेमकं कुठे बिघडलंय ते त्याच्या अंगावर लिहिलेलं तरी असायचं.

या सगळ्यात तिचं एकच मागणं होतं, खुर्चीचं. कारखान्यात खिडकीजवळ एक खुर्ची होती. तिथे बसून बटणं मापाप्रमाणे निवडायची आणि प्रत्येक शर्टाबरोबर जाणारं एक जास्तीचं बटण छोट्या पुडीत भरायचं, एवढंच काम. सगळ्या मजल्यावर बसून करायचं आणि शिलाई मशीनचं नसलेलं हे एकच काम. जी म्हातारी मावशी तिथे बसायची, ती काम सोडून लेकीकडे गेली आणि खुर्ची रिकामी झाली. थोरली त्याच दिवशी फाईल काखेत मारून मास्तरांपुढे उभी राहिली. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. कापड तेच कापायचे आणि मजलाही तेच चालवायचे. त्यांनी फाईल चाळली आणि म्हणाले, भिंगबाई, माझी ना नाही, पण उद्या दहा जणी कमर धरून येतील. डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून आणा. डॉक्टर म्हणाले, लिहू काय? फोटोत काही असतं तर लिहिलं असतं. आंधळा एक डोळा मागतो तशी ही एक ओळ मागत होती, आणि देवाने तीही दिली नाही. खुर्ची दोन महिने रिकामी राहिली.

आणि मग धाकटीचा हात मोडला.

धाकटी म्हणजे दिराची बायको. त्याच घरात पलीकडच्या खोलीत राहायची आणि त्याच कारखान्यात मशीनवर कॉलर बसवायची. थोरलीनेच तिला तिथे चिकटवलं होतं. हसरी, चटपटीत, सगळ्यांची लाडकी. एका रविवारी पुढच्या खोलीचा पडदा लावताना स्टुलावरून पडली आणि उजव्या मनगटात काड्कन आवाज आला. घरातल्या चौघांनी तो आवाज ऐकला. थोरलीच्या मनात पहिला विचार काय आला असेल? अरेरे, असा नाही. पहिला विचार आला की हिच्या दुखण्याला आवाजसुद्धा आहे.

संध्याकाळी धाकटी पांढरंशुभ्र प्लास्टर गळ्यात अडकवून घरी आली आणि घर उलटंपालटं झालं. सासूबाई तिची वेणी घालायला लागल्या. दीर, ज्याला स्वतःचा मोजा सापडत नाही, तो तिची भांडी घासायला लागला. थोरलीच्या नवऱ्याने, मीटरवाल्याने, तिच्या हाताखाली ठेवायला दोन उशा आणून दिल्या. त्यातली एक थोरलीची होती. शेजारणी आल्या, शाळेतल्या मैत्रिणी आल्या, खडा डबीत घेऊन काका आले. सगळ्यांनी प्लास्टरवर पेनाने काही ना काही लिहिलं. कुणी लवकर बरी हो, कुणी फूल काढलं. थोरलीलाही पेन दिलं. तिने काय लिहावं? खूप विचार करून तिने तारीख घातली.

तारखेचाच तर खरा हेवा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे. म्हणजे या बयेच्या दुखण्याला सुरुवात होती, आवाज होता, रंग होता आणि शेवटसुद्धा होता. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. मराठीत याला पोटात दुखणं म्हणतात. हे दुखणं मात्र तिचं तिला लगेच सापडलं, त्यासाठी नळकांड्यात शिरावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी धाकटी कामावर आली आणि मास्तरांनी तिला सरळ खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. डाव्या हाताने बटणं निवडता येतात. कागद मागितला नाही, फाईल बघितली नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं थोरली घडी घालणारीला म्हणाली, आणि ते मास्तरांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. मास्तर दुपारी तिच्या टेबलाशी आले. म्हणाले, "भिंगबाई, सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. हिचा हात बरा झाला की ही मशीनवर जाईल आणि खुर्ची तुमची. कागद वगैरे राहू दे. शब्द देतो."

आता मात्र थोरली धाकटीच्या हाडाची अशी काळजी घ्यायला लागली की घरात सगळे थक्क झाले. दूध घेतलंस का? हात वर ठेवलास का? बादली उचलू नकोस. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, जावा असाव्यात तर अशा. थोरली भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवडे खोडत होती. बेचाळीस दिवस ती टेबलाशी उभी राहिली, कधी डावी टाच उचलून, कधी टेबलाच्या कडेला कंबर टेकवून, आणि खिडकीशी बसलेल्या धाकटीकडे बघत राहिली. खुर्चीला पाठ होती. धाकटी तर पाठ टेकतही नव्हती, पुढे वाकून बसायची. केवढी ही नासाडी, असं थोरलीला वाटायचं.

प्लास्टर निघालं. धाकटीने ते टाकलं नाही. उभं चिरलेल्या त्याची दोन शकलं, फुलं आणि सह्यांसकट, आठवण म्हणून घरी आणली आणि कपाटावर ठेवली. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. थोरली धाकटीच्या खोलीत गेली, शकलं उतरवली, स्वतःच्या उजव्या हाताभोवती जुळवली आणि वरून ओढणी बांधली. मग आरशापुढे उभी राहिली. हात गळ्याशी धरला, मान किंचित पाडली. चेहरा आपोआप सोसल्यासारखा झाला. शोभत होतं, खरंच शोभत होतं. दुखणं असावं तर असं, भेटायला येणाऱ्याला कुठे बघून हळहळायचं ते कळावं. तेवढ्यात आरशात दारात उभ्या सासूबाई दिसल्या. दोघींनी एकमेकींकडे आरशातूनच बघितलं. सासूबाईंनी दार हळूच ओढून घेतलं, आंघोळ करणाऱ्या माणसावर ओढून घ्यावं तसं. थोरलीला वाटलं, त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

धाकटीच्या हाताचा फोटो पुन्हा काढला होता. हाड छान जुळलं होतं. रिपोर्टवर तोच शब्द आला, नॉर्मल. सासूबाईंनी चार घरी सांगितलं. हात मोकळा व्हायला म्हणून मास्तरांनी तिला आणखी काही दिवस खुर्चीवरच ठेवलं. आणि आठ दिवसांनी धाकटी जेवताना म्हणाली की हात अजून दुखतो.

दीर म्हणाला, "फोटो बघितला ना आपण? हाड जुळलंय."

"जुळलंय, पण दुखतंय."

थोरलीचा नवरा म्हणाला, वापर सुरू कर, आपोआप थांबेल. सासूबाई म्हणाल्या, मनावर घेतलंस की वाढतं. धाकटी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. सहा आठवडे जे तिला तळहातावर झेलत होते, तेच हे लोक. शेवटी ती थोरलीकडे वळली. त्या घरात दुसरं कोण होतं वळण्यासारखं?

थोरलीला सगळ्यात आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोला? जावं त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं मनात म्हणून तिने शांतपणे पाणी प्यायलं. आणि मग एकदम तिला खिडकी आठवली. हिचा हात बरा झाला नाही तर खुर्चीचं काय? त्यापाठोपाठ आणखी एक विचित्र गोष्ट वाटली, जी तिने कुणाला कधी सांगितली नसती. या घरात न दिसणारं दुखणं तिचं एकटीचं होतं. बाकी सगळं धाकटीला मिळालं होतं, आता हेही हवं का तिला? थोरली पेला खाली ठेवून म्हणाली, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे ना?"

धाकटी उठून गेली. तिचं ताट तसंच राहिलं.

शनिवारी मास्तरांनी दोघींना खिडकीशी बोलावलं. सोमवारपासून खुर्चीवर कायमचं कोण, हे आज ठरवायचं होतं. धाकटी खुर्चीवर बसली होती, थोरली समोर उभी होती आणि कळ टाचेपर्यंत उतरली होती. मास्तर म्हणाले, कागद म्हणतो हाड जुळलं, ही म्हणते मनगट वळवता येत नाही, मशीनवर कॉलर फिरवता येत नाही. मला कापडातलं कळतं, हाडातलं कळत नाही. मग ते थोरलीकडे वळले.

"भिंगबाई, तुम्हीच सांगा. यात तुमचा फायदा आहे हे मला ठाऊक आहे. तरी तुमच्या नजरेपेक्षा दुसरं माझ्याकडे काही नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

थोरलीने वीस वर्षं जे केलं तेच केलं. एखादा शर्ट टेबलावर स्वच्छ दिसतो आणि अंगावर गेला की काखेत ओढतो. असा संशय आला की ती शर्ट घडी घालणारीला अंगात घालायला लावायची आणि तिला काहीतरी काम सांगायची. नुसतं उभं राहून कळत नाही. तिने बटणांची एक बरणी उचलली, झाकण घट्ट बसवलं आणि धाकटीपुढे ठेवली. "उघड," ती म्हणाली.

धाकटीने उघडली. तोंड वाकडं केलं नाही, विव्हळली नाही, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं नाही. मास्तर निराश होऊन बघत होते, कारण त्यांना काहीच दिसलं नाही. थोरलीला सगळं दिसलं. धाकटीने मनगट फिरवलंच नव्हतं. तिने आधी कोपर बरगडीला चिकटवलं, श्वास धरला, आणि मग खांद्यापासून सगळं अंग वळवून झाकण फिरवलं. मनगट तिने असं सांभाळून नेलं होतं की ते मध्ये आहे हे कुणाला कळूही नये. थोरली रोज सकाळी पलंगावरून अशीच उतरायची, डाव्या मांडीखाली हात घालून, पाय उचलून, श्वास धरून. सोंग करणारा चेहरा करतो, ज्याचं खरं दुखतं तो आडवाट शोधतो. हे तिला ज्या शाळेत कळलं तिथे दुसरी विद्यार्थिनी आजच भरती झाली होती.

आणि नाही म्हणणं किती सोपं होतं. एक वाक्य. वाक्यही रोजचंच, तोंडात बसलेलं, दिवसातून दोनशे वेळा निघणारं. मास्तरांनी ते तसंच उचललं असतं आणि सोमवारी ती पाठ टेकून बसली असती. तिची टाच ओरडून ओरडून सांगत होती, म्हण. समोर बसलेल्या या पोरीच्या वेण्या घातल्या गेल्या, हिच्या हाताखाली आपली उशी गेली, हिला आवाज मिळाला, तारीख मिळाली. म्हण की.

"दुखतंय तिचं," थोरली म्हणाली. "खरंच दुखतंय."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग सोमवारपासून हीच बसेल." आणि टेप गळ्यात टाकून ते कापायला गेले.

इतकंच. ना फोटो, ना फाईल, ना दोन ओळी. तीन वर्षं ती जे मागत होती ते एका श्वासात दिलं गेलं, आणि तेही धाकटीला. टेबलाकडे परत जाताना थोरलीला असा हेवा वाटला की आधीचे सगळे त्यापुढे पोरखेळ. मग संध्याकाळपर्यंत तिने एकही शर्ट मागे पाठवला नाही. शर्ट चांगले होते की तिला दिसत नव्हते, देव जाणे.

कारखाना सुटल्यावर धाकटी नेहमी पुढे पळायची, आज थोरलीच्या चालीने चालत होती. शेवटी म्हणाली की ताई, तुमचे उपकार मी कसे फेडू.

"उपकार बिपकार राहू दे," थोरली म्हणाली. "मला तुझा हेवा वाटतो. हात मोडलास त्या दिवसापासून वाटतोय, आणि सगळ्यात जास्त आज वाटला. तुझं खरं आहे असं सांगायला तुला मी मिळाले. मला कोण मिळालं?"

धाकटी थांबली. पुन्हा चालायला लागल्यावर तिने खाली मान घालून सांगितलं की तीही म्हणायची, नवऱ्यापाशी, मैत्रिणींपाशी, ताईंना उभं राहायचा कंटाळा आलाय म्हणून हे चाललंय. थोरली म्हणाली, ठाऊक आहे. भिंती काही एवढ्या जाड नाहीत.

दोन गल्ल्या मागे पडल्या. मग धाकटीने विचारलं, "ताई, तुमचं नेमकं कुठे दुखतं?"

थोरलीला आधी राग आला. तीन वर्षं एका भिंतीपलीकडे राहून ही आता विचारतेय. तिने फटकारायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की फोटोत काय आलं हे तिला सगळ्या जगाने विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले हे विचारलं होतं, पण हा प्रश्न घरातल्या कुणी विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि कमरेच्या मागे डावीकडे अंगठा दाबला. "इथून सुरू होतं," ती म्हणाली. "पण आधी दुखत नाही, आधी नुसतं जड होतं. मग बघ..."

घराचं फाटक आलं तेव्हा ती जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचली होती. आतून सासूबाईंनी दोघींना हाक मारली. धाकटीने फाटकाला हात लावला नाही, तिथेच उभी राहिली.

"आणि गुडघ्याच्या खाली?" तिने विचारलं.